प्रबंध शहापूरचा, पदवी मुंबईची

१२ डिसेंबर २०२३ रोजी, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेपुढे 'सारथी' संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न आला. संशोधक विद्यार्थ्यांची संख्या दोनशेवरच का अडवली, या पृच्छेला तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी उलट सवाल टाकला : पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत? राज्यभर गदारोळ झाला. विद्यार्थी संघटनांनी निषेध केले, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि काही दिवसांनी प्रकरण नेहमीप्रमाणे थंडावले.

सवाल उद्धट होता यात शंका नाही. आजारी साखर कारखान्यांना सरकारी थकहमी देताना त्यातून कोणता दिवा लागणार हे कोणी विचारीत नाही. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, दलिताच्या मुलाने पाच वर्षे अभ्यासाला मागितली की मात्र राज्यकर्त्यांना एकाएकी काटकसर आठवते. परंतु उद्धट सवालालाही उत्तर द्यावे लागते, आणि निषेधाच्या घोषणांत ते द्यायचे राहून गेले. समाजकार्य या विषयातील पीएच.डी.बाबत तर हे उत्तर टाळताच येणार नाही. पदार्थविज्ञानाचा प्रबंध अणूवर लिहिला जातो. अणूला तो वाचायचा नसतो. समाजकार्याचा प्रबंध हाडामांसाच्या माणसांवर लिहिला जातो. ती माणसे वेळ देतात, घरातले दुःख उघड करून सांगतात, आणि आपल्या सांगण्याचे पुढे काय झाले हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार असतो. त्या अधिकाराची दखल विद्यापीठाने घेतलेली नाही, सरकारने घेतलेली नाही, आणि खेदाने म्हणावे लागते की परिवर्तनवादी चळवळीनेही पुरेशी घेतलेली नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयात किंवा विद्यापीठात शोधण्यापेक्षा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर-मुरबाड भागात शोधणे अधिक योग्य ठरेल.

भातशाचे पाणी

शहापूरहून मुरबाडच्या दिशेने निघाले की भातसा नदीकाठी सापगाव लागते. नदीच्या वरच्या अंगाला भातसा धरण आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांची एकूण साठवणक्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यांपैकी ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातशाची. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरणही याच तालुक्यातले. महानगर ज्या तालुक्याच्या पाण्यावर जगते त्याच तालुक्याच्या गावपाड्यांत वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकर धावत आले आहेत, आणि हंडे घेऊन उतरंडीने झऱ्यावर जाणाऱ्या बायका हे येथील चैत्र-वैशाखाचे नेहमीचे चित्र आहे.

मुंबईतील समाजकार्याच्या शिक्षणसंस्थाही याच पाण्यावर जगतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ग्रंथालयाबाहेरील नळाला येणारे पाणी शहापूरच्या डोंगरांतून निघते. त्या ग्रंथालयात आदिवासींच्या पाणीटंचाईवर टिपणे काढणाऱ्या संशोधकाला तहान लागली, तर ती भागविण्याची व्यवस्था त्याच्या अभ्यासविषयानेच करून ठेवलेली असते!

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता. सरकारी तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. तिला १४० वर्षे उलटून गेली. विद्यापीठांची संख्या वाढली, राखीव जागा आल्या, संशोधनाला अनुदाने आली. पण हिशेबाची मूळ वही तीच राहिली. पूर्वी रयतेकडून केवळ सारा घेतला जाई. आता पाणी, जमीन, मजुरी यांच्या जोडीला तिच्या दुःखाची माहितीही घेतली जाते, आणि तिच्या मोबदल्याचा रकाना कोरा राहतो.

नमुन्यातील माणूस

या भागातील कातकरी कुटुंबांचे वर्षाचे चक्र सर्वश्रुत आहे. दिवाळीच्या आगेमागे वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम बयाणा देतो. तो पावसाळ्यातल्या उपासमारीत काढलेल्या उसनवारीत आणि एखाद्या आजारपणात केव्हाच विरून जातो. मग नवरा, बायको, पोरे सगळी भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलकडच्या भट्ट्यांवर. आठवड्याला खर्ची मिळते. हजार विटांमागे दर ठरलेला असतो, पण विटा मोजतो मालक आणि लिहितोही मालक. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा बयाणा फिटलेलाच नसतो. तो पुढच्या हंगामावर चढतो. वेठबिगार उच्चाटनाचा कायदा १९७६ साली झाला. कायद्याच्या व्याख्येत हा व्यवहार चपखल बसतो. पण तो सिद्ध करायचा तर कागद लागतो, आणि कागद असतो मालकाच्या गल्ल्यात.

अशा वस्तीवर संशोधक येतो. त्याच्या हाती छापील प्रश्नावली असते : कुटुंबात माणसे किती, शिक्षण किती, उत्पन्न किती, कर्ज किती, व्यसन आहे काय. उत्तर देणाऱ्याला प्रबंधात नाव नसते, क्रमांक असतो. ते एका परीने योग्यच आहे; भट्टीमालकाच्या हाती नावे पडली तर पुढच्या हंगामाला काम मिळायचे नाही. परंतु नाव झाकले की जबाबदारीही झाकली, असा समज रूढ झाला आहे. माहिती संगणकात जाते, तिची कोष्टके होतात, कोष्टकांवर निष्कर्ष आणि निष्कर्षांवर शिफारशी येतात. शिक्षणाचा प्रसार व्हावा, शासकीय योजनांची माहिती पोहोचावी, स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घ्यावा, अशा त्या शिफारशी कोणत्याही वस्तीवरील कोणत्याही प्रबंधाला तशाच्या तशा जोडता येतील. बयाण्याची वही कोणाकडे असते आणि ती तहसीलदाराने कोणत्या कलमाखाली ताब्यात घ्यावी, हे त्या शिफारशींत अभावानेच सापडते.

संशोधक व्यक्तिशः अप्रामाणिक असतो असे नव्हे. तो ज्या यंत्राच्या पट्ट्यावर चढतो ते यंत्र त्याच्याकडून हेच मागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे. त्यात अभ्यासक्रम, सल्लागार समितीपुढील अहवाल, प्रबंध, बाह्य परीक्षक आणि मौखिक परीक्षा. या साखळीत जाबजबाब देण्याच्या जागा अनेक आहेत. मार्गदर्शकाला, समितीला, परीक्षकाला, विद्यापीठाला. ज्यांच्यावर लिहिले त्यांना जाब देण्याची एकही जागा नाही. प्रबंधाची प्रत 'शोधगंगा' या राष्ट्रीय संकेतभांडारात जाते आणि ती जगाला खुली असते असे सांगितले जाते. ती इंग्रजीत असली की सापगावच्या परिसरातील वाडीवरच्या माणसाला हे खुलेपण भट्टीमालकाच्या वहीइतकेच बंद आहे.

पदोन्नतीला गुण मिळतात म्हणून निबंध, निबंध हवेत म्हणून नियतकालिके, असा एक बाजारही २०१० नंतर उभा राहिला. तो इतका फोफावला की आयोगाला २०१८ साली आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. गरिबीवरील संशोधन हा काहींच्या भाकरीचा भक्कम धंदा झाला, इतकेच त्यातून सिद्ध होते.

नागपाड्यातून निघालेली वाट

समाजकार्याच्या शिक्षणाची वाट आरंभापासून अशी नव्हती. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात मुंबईच्या नागपाड्यात, गिरणीकामगारांच्या आणि गरिबांच्या दाट वस्तीत, शेजारकेंद्र चालविले. त्याच केंद्रात १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने देशातील समाजकार्याचे पहिले विद्यालय भरू लागले. विद्यार्थी वर्गातून बाहेर पडला की चाळीच्या जिन्यातच पाय ठेवत असे. १९४४ साली विद्यालयाचे 'टाटा समाजविज्ञान संस्था' असे नामकरण झाले, १९५४ साली ती देवनारच्या प्रशस्त आवारात गेली, १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे पुणे, नागपूर आणि राज्यभर समाजकार्याची महाविद्यालये निघाली. पदविकेची पदवी झाली, पदवीवर विद्यावाचस्पतीचा कळस चढला.

या वाढीत वाईट काहीच नाही. अडाणी दयाबुद्धीपेक्षा शिक्षित सेवा केव्हाही बरी. प्रश्न निर्माण होतो तो अंतराचा. वस्तीतून आवारात, आवारातून परिसंवादात, परिसंवादातून परदेशी नियतकालिकात असा विषयाचा प्रवास होत गेला, आणि दर टप्प्यावर वस्ती मागे पडत गेली. 'क्षेत्रकार्य' हा शब्द अभ्यासक्रमात राहिला. परंतु ज्याला क्षेत्र म्हणतात तेथे माणसे राहतात, संघटना बांधतात, निवडणुका लढवतात आणि मोर्चेही काढतात, याचे भान पातळ झाले.

अर्धवट प्रबंध आणि पूर्ण प्रबंध

चळवळीत या प्रश्नाचे एक सोपे उत्तर प्रचलित आहे. पदवी ही मध्यमवर्गाची चैन आहे, खऱ्या कार्यकर्त्याने तिच्या नादी लागू नये, असे ते उत्तर. दाखला म्हणून मेधा पाटकरांचे नाव पुढे केले जाते. स्वातंत्र्यसैनिक आणि कामगार कार्यकर्ते वसंत खानोलकर यांच्या या कन्येने टाटा संस्थेतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि गुजरातच्या आदिवासी भागात काम केले, त्याच संस्थेत पीएच.डी.चे संशोधन हाती घेतले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर नर्मदा खोऱ्यात पाय रोवल्यावर प्रबंध अर्धवट सोडला. धरणाच्या पाण्याखाली गावे जाणार असताना प्रकरणे लिहीत बसणे त्यांना पटले नाही.

हा त्याग मोठाच. परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. पाटकरांनी प्रबंध सोडला, अभ्यास सोडला नाही. विस्थापितांची मोजदाद, बुडित क्षेत्राचे नकाशे, करारांतील कलमे, लाभ-खर्चाची गणिते यांवर नर्मदा आंदोलनाने इतकी मेहनत घेतली की जागतिक बँकेला मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. त्या समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ साली आला आणि १९९३ साली बँकेचे कर्ज सरदार सरोवरातून बाहेर गेले. महाराष्ट्रातील विस्थापितांच्या पुनर्वसनाच्या मूल्यमापनाचे काम त्या काळी टाटा संस्थेकडेच होते, हेही विसरता कामा नये. नुसत्या घोषणांनी बँक हलली नसती. अंगात बळ आणि हातात आकडे, दोन्ही होते म्हणून ती हलली. एका बुद्धिमान कार्यकर्तीला आंदोलन आणि प्रबंध यांतून एकच निवडावे लागले, हा विद्यापीठीय व्यवस्थेवरचा ठपका आहे. त्याला कार्यकर्त्यांच्या आचारसंहितेतील कलम बनविणे म्हणजे व्यवस्थेचा दोष आपल्या माथी मारून घेणे होय.

दुसरा दाखला त्याहून मोठा आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. तेथील पीएच.डी., लंडनची डी.एस्‌सी., बॅरिस्टरी, एवढे सारे त्यांनी मिळविले ते भिंतीवर लावण्यासाठी नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आणि रुपयाच्या प्रश्नावर ज्याने प्रबंध लिहिला, त्याला गोलमेज परिषदेत किंवा मसुदा समितीत कोणी आकड्यांनी दबकावू शकले नाही. शोषितांच्या मुलाच्या हाती पदवी आली म्हणजे काय घडते याचे याहून निर्णायक प्रमाण जगाच्या इतिहासात क्वचितच मिळेल. दिवे लावण्याची भाषा करणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या भूमीत तरी हा सवाल विचारायला नको होता.

खुद्द मुरबाडच्या मातीतला दाखला हवा असेल तर सिद्धगडाकडे पाहावे. २ जानेवारी १९४३ रोजी तेथे पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झालेले भाई कोतवाल हे माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले कायद्याचे पदवीधर होते. त्यांनी पदवीचा उपयोग कर्जतच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारण्यास, शाळा काढण्यास आणि कुळांची बाजू लढविण्यास केला. नंतर आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले. त्यांच्याबरोबर पडलेले हिराजी पाटील याच परिसरातले शेतकरी. शिकलेला आणि न शिकलेला एका खडकावर एकत्र पडले. विद्येविषयी तुच्छता त्या परंपरेत बसत नाही.

उपयोगी पडलेले ज्ञान

अभ्यास वस्तीच्या उपयोगी पडू शकतो याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही गावठाणात नोंद नाही. मालकाने जमीन विकली की वाडी उठवली जाते. मुंबईभोवती फार्महाऊस आणि गृहसंकुले वाढू लागली तसा हा धोका दारात आला. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेचे राजीव खेडकर आणि कॅनडाचे अभ्यासक डॅनियल बकल्स यांनी या प्रश्नावर कातकऱ्यांच्या बरोबर बसून काम केले. कोणाची वाडी कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, घरपट्टीची पावती कोणाकडे आहे, महसूल अधिनियमाखाली गावठाण मागण्यासाठी कोणते कागद लागतात, हे वाडीवरच्या माणसांनीच शोधायचे आणि अर्ज करायचे, ही त्या अभ्यासाची पद्धत होती. त्यावरचा इंग्रजी ग्रंथ २०१३ साली प्रसिद्ध झाला. परंतु ग्रंथाआधी अर्ज झाले होते, हे महत्त्वाचे.

मुरबाड तालुक्यातील काळू धरणाची कथाही अशीच बोलकी आहे. महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी आखलेल्या या धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटनेने गावोगाव विरोध बांधला, न्यायालयात धाव घेतली, आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. त्या लढ्यात घोषणा होत्याच. त्यांच्या जोडीला कोणती मंजुरी नाही, कोणते गाव बुडते, कोणाचा वनहक्काचा दावा प्रलंबित आहे, याची कागदोपत्री जाण होती. असल्या जाणिवेला विद्यापीठ पीएच.डी. देत नाही. ती कार्यकर्त्याने रात्री कंदिलाखाली मिळविलेली असते.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. शेजारच्या बदलापूरवर ना. गो. चापेकर या निवृत्त न्यायाधीशांनी १९३३ साली मराठीत ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांना कोणी पदवी देणार नव्हते. जाती, धंदे, शेती, बोलीतले शब्द, कर्ज, सणवार असे सारे गाव त्यांनी गावाच्या भाषेत नोंदविले. पुढे १९६० साली ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरचा ग्रंथ ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला, तो इंग्रजीत. विद्वत्ता दोन्हींत आहे. पण शहापूरच्या ठाकूरवाडीतील शाळा शिकलेल्या मुलाला आपल्या आजोबांविषयी काय लिहिले आहे हे वाचायचे तर दुसऱ्या ग्रंथाचे दार त्याला बंद आहे. समाजकार्याच्या प्रबंधांनी पहिली वाट सोडून सर्रास दुसरी धरली.

सरकारचा कावा

विद्यापीठाच्या या दोषांवर बोट ठेवून सरकार अधिछात्रवृत्त्या कापू पाहील, तर त्याला तेथेच रोखले पाहिजे. आजार विद्यापीठाचा आणि लंघन गरिबाच्या मुलाला, असा तो उपचार आहे. २०२३ साली बार्टीच्या ८६१ संशोधकांना आपल्या हक्काच्या अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसावे लागले. बार्टी, सारथी, महाज्योती या तिन्ही संस्थांना दोनशेची मर्यादा घालण्यात आली. अनुसूचित जमातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती तर साऱ्या देशाला मिळून वर्षाला ७५० इतकीच आहे. कोट्यवधींच्या समाजाला ही मूठभर खावटी. श्रीमंताचा मुलगा बापाच्या पैशावर प्रबंध लिहील. अधिछात्रवृत्ती कापली की बाहेर पडेल तो कातकऱ्याचा, ठाकराचा, महादेव कोळ्याचा, दलिताचा मुलगा. आणि आपल्या समाजावर लिहिण्याचे काम पुन्हा परक्यांच्याच हाती जाईल.

जो मुलगा आत टिकतो त्याने बोलू नये, अशीही अपेक्षा असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांना मागासवर्गीयांची शुल्कसवलत काढून घेतल्याविरुद्ध संप करावा लागला. २०२४ साली त्याच संस्थेने रामदास शिवानंदन या दलित संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केले. केंद्र सरकारच्या धोरणांविरुद्धच्या मोर्चातील सहभाग हा त्याच्यावरील आरोपांचा भाग होता. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने निलंबनाचा काळ कमी करून त्याला संशोधन पुरे करण्याची वाट मोकळी केली. नागपाड्याच्या वस्तीत जन्मलेल्या संस्थेने मोर्चाला बेशिस्त समजावे, यातच सगळे आले. अन्यायाचा अभ्यास करावा, अन्यायाविरुद्ध चालू नये, हा धडा ज्या आवारात शिकवला जातो तेथून निर्जीव प्रबंध बाहेर पडले तर दोष विद्यार्थ्यांचा मानता येत नाही.

पक्षाने काय करावे

निषेधाने भागणार नाही. मागण्या नेमक्या असाव्यात.

पहिली मागणी ग्रामसभेच्या अधिकाराची. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भागही. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला जमीन, पाणी, वनोपज यांबाबत अधिकार दिले आहेत. ज्या ग्रामसभेच्या विचाराने जमीन घ्यायची, तिच्या विचाराने माहिती का घेऊ नये? एखाद्या वस्तीवर प्रबंध होणार असेल तर ग्रामसभेपुढे विषय मांडावा. काम पुरे झाल्यावर निष्कर्ष मराठीत, शक्य तेथे बोलीत, तिच्यापुढे वाचून दाखवावेत. आणि ग्रामसभेचे म्हणणे प्रबंधाला जोडल्याखेरीज मौखिक परीक्षा होऊ नये. निःपक्षपातीपणाला यामुळे बाधा येईल असा आक्षेप विद्वज्जन घेतील. ज्याचे निष्कर्ष ज्यांच्यावर काढले त्यांच्यासमोर उच्चारता येत नाहीत, त्याच्या निःपक्षपातीपणाची चिंता करण्याचे कारण नाही.

दुसरी मागणी मराठी सारांशाची. प्रत्येक प्रबंधाचा विस्तृत मराठी सारांश ग्रामपंचायतीत, तालुक्याच्या वाचनालयात आणि शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात ठेवणे बंधनकारक करावे. नावे झाकून आकडे खुले करावेत. भट्टीवरचा दर, बयाण्याची रक्कम, पाण्याचे अंतर, शाळागळती यांचे गाववार आकडे संघटनेच्या हाती आले तर मोर्चाच्या निवेदनाला वजन येते.

तिसरी मागणी अधिछात्रवृत्तीची. संख्येची मर्यादा रद्द करावी, रक्कम दरमहा वेळेवर द्यावी, आणि कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींतून पदव्युत्तर पदवीपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक तरुणाला ती आपोआप मिळावी. समाजकार्य महाविद्यालयांतील रिकामी पदे भरावीत. तासिकेवर राबविल्या जाणाऱ्या अध्यापकाने विद्यार्थ्याला क्षेत्रकार्य शिकवावे ही अपेक्षा निव्वळ दांभिकपणाची आहे.

चौथे काम सरकारकडे मागायचे नाही, स्वतः करायचे आहे. शहापूर-मुरबाडच्या मोर्चांची पत्रके, तहसीलदारांना दिलेली निवेदने, वनहक्क दाव्यांच्या पोचपावत्या, भट्टीवरून सोडविलेल्या मजुरांचे जबाब आज कोणा कार्यकर्त्याच्या घरी माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन आहेत. त्यांची जमवाजमव करून तालुक्याच्या ठिकाणी एक अभ्यासकेंद्र उभारावे. संशोधक आला तर त्याने तेथे बसावे, वाचावे, आणि आपल्या प्रबंधाची प्रत तेथे ठेवून जावे. आणि संघटनेतील दोन-चार तरुण-तरुणींना, पाड्यावरच्याच, पदवी घ्यायला पक्षाने स्वतः पाठवावे. त्यांचे घर चालविण्याची जबाबदारी साथींनी वाटून घ्यावी. ती मुले विद्यापीठात गेली म्हणजे चळवळीतून गेली, असे समजण्याचा करंटेपणा आता पुरे झाला.

भातशाचे पाणी मुंबईकडे जाते ते परत येत नाही. त्यासाठी वेगळा लढा चालूच आहे. परंतु येथून जाणारे ज्ञान परत आणणे हे धरणाचे दरवाजे फिरविण्याइतके अवघड नाही. त्याला विद्यापीठाच्या नियमात एक कलम, सरकारच्या अंदाजपत्रकात एक तरतूद आणि पक्षाच्या तालुका समितीच्या पुढील बैठकीत एक ठराव पुरतो. यांपैकी तिसरी गोष्ट कोणाच्याही परवानगीवाचून करता येते. तिच्यापासूनच आरंभ व्हावा.